बोल्ट बसला म्हणजे पार्ट बसला?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

जुन्या पिकअपला त्याच मॉडेलच्या नव्या पिढीचं कंपनीचं सस्पेन्शन चढवायचं, हा उद्योग आता नवा राहिलेला नाही. वाहनांविषयी लिहिणारे त्याला सरसकट ‘बोल्ट-ऑन’ म्हणून मोकळे होतात. कल्पना वाईट मुळीच नाही. नव्या गाडीचे हौशी मालक गाडी हातात येताच उंच शॉकअप बसवतात आणि मूळचे, जेमतेम धावलेले भाग विकून टाकतात. स्प्रिंग, शॉकअप आणि रबर कारखान्यातच एकमेकांशी जुळवलेले असतात. भडक रंगाच्या किटपेक्षा असा संच पुष्कळदा उजवा ठरतो. पण ‘बोल्ट-ऑन’ म्हणजे भोकं जुळतात, एवढंच. पुढची मापं घ्यायला लोक कंटाळतात, म्हणून हे पत्र.

आधी ‘पिढी’ या शब्दाबद्दल. पिढी जाहिरातीत बदलते. सस्पेन्शनला मात्र चासी बदलली की नाही, एवढंच कळतं. टोयोटा टॅकोमाच्या २००५ ते २०१५ आणि २०१६ ते २०२३ या दोन पिढ्यांची पुढची मांडणी मुळात एकच आहे. म्हणून नंतरच्या गाडीचे पुढचे स्प्रिंग-शॉकअप आधीच्या गाडीत सरळ बसतात, तेही चाकाला सहा बोल्ट असलेल्या गाड्यांत. पाच बोल्टच्या साध्या टू-व्हील ड्राइव्हमध्ये नाही. २०२४ ची टॅकोमा मात्र वेगळ्याच चासीवर आली आणि तिच्या बहुतेक प्रकारांत मागे पाटे जाऊन कॉइल आल्या. नाव तेच, घेण्यासारखं काही नाही. फोर्ड रेंजरचंही तसंच. २०११ मध्ये टी६ ही पिढी आली तेव्हा पुढचा टॉर्शन बार (पिळला जाऊन स्प्रिंगचं काम करणारी लांब दांडी) गेला आणि कॉइल, म्हणजे गुंडाळीची स्प्रिंग, आली. टॉर्शन बारच्या गाडीत चाकावरचं वजन बारच्या मागच्या टोकाला, आडव्या मेंबरवर उतरतं. कॉइल आली की तेच वजन चाकाच्या वर, चासीच्या अशा जागी येतं जिथे मुळात स्प्रिंगचं डोकं टेकायला कप नसतो. तिथे कप वेल्ड करणं म्हणजे पार्ट बदलणं नव्हे, चासीचं डिझाइन बदलणं. ते काम ज्यांचं आहे त्यांनीच करावं.

संपूर्ण ॲक्सलच घेतला तर काय होतं, याचं नमुनेदार उदाहरण म्हणजे फोर्ड सुपर ड्यूटी. १९९९ ते २००४ च्या फोर-व्हील ड्राइव्ह गाड्यांना पुढेही पाटे होते. २००५ पासून पुढे कॉइल आणि ॲक्सलला पुढे-मागे धरणारे रेडियस आर्म आले, गाडी कमी जागेत वळू लागली. दोन्हींच्या चाकांचे आठ बोल्ट १७० मिमीच्या वर्तुळावरच आहेत, म्हणून काम सोपं वाटतं. प्रत्यक्षात ॲक्सलबरोबर कॉइलचे वरचे कप, रेडियस आर्मचे ब्रॅकेट, ट्रॅक बार (ॲक्सलला आडवं सरकू न देणारी दांडी) व त्याचा ब्रॅकेट, ड्रॅग लिंक (स्टिअरिंगची ओढ चाकापर्यंत नेणारी दांडी) आणि तिला हलवणारा पिटमन आर्म एवढं सगळं त्याच गाडीतून यावं लागतं. ब्रेक मोठे असल्यामुळे जुन्या १६ इंची रिम त्यांच्यावर बसत नाहीत, १७ इंची लागतात. ट्रॅक बार आणि ड्रॅग लिंक समोरून पाहताना समांतर आणि जवळपास सारख्या लांबीचे हवेत. एक नवा आणि एक जुना ठेवला की खड्ड्यात चाक वर जाताना स्टिअरिंग आपोआप ओढलं जातं, आणि कितीही अलाइनमेंट केलं तरी ते जात नाही. कारण अलाइनमेंट उभ्या गाडीचं होतं, दोष चाक वर-खाली होण्यात असतो.

आता स्प्रिंग. नवी पिढी सहसा जड असते, त्यामुळे तिची स्प्रिंग जुन्या हलक्या गाडीत पूर्ण दबत नाही आणि गाडी उंच उभी राहते. किती उंच, ते आधीच काढता येतं. समजा जुन्या गाडीच्या एका कोपऱ्यावर ४० किलो वजन कमी आहे, स्प्रिंग १०० न्यूटन प्रति मिमी कडक आहे आणि लोअर आर्मवर ती अशा जागी आहे की चाक १ मिमी हलल्यावर स्प्रिंग ०.५५ मिमी हलते. ४० किलो म्हणजे ३९२ न्यूटन, त्याला ०.५५ ने भागलं की स्प्रिंगवर ७१३ न्यूटन, म्हणजे स्प्रिंग ७.१ मिमी कमी दबणार. परत ०.५५ ने भागा: गाडी १३ मिमी उंच. स्प्रिंगच्या डोक्यावर १० मिमीची चकती टाकणाऱ्यांनीही हेच गणित करावं. गाडी १० नव्हे, १८ मिमी उचलली जाते, आणि तेवढंच चाक खाली जायचं अंतर कमी होतं. मग रस्त्यातल्या साध्या उंचवट्यावरून उतरतानाही शॉकअप शेवटच्या टोकाला ठोकतो. लोक त्याला ‘शॉकअप खराब’ म्हणतात.

एकाच मॉडेलमध्ये डिझेल आणि पेट्रोलच्या, कधी डाव्या-उजव्या बाजूच्या स्प्रिंगही वेगळ्या असतात. स्प्रिंगवरचा रंगाचा पट्टा शोभेसाठी नसतो, ती प्रत ओळखायची खूण असते. पार्ट नंबर आणि पट्टा टिपून घेतल्याशिवाय जोडी घेऊ नये. शक्यतो शॉकअपसकट पूर्ण जुळणी घ्यावी: वरचे तीन नट, खालचा एक बोल्ट, काम संपलं. स्प्रिंग दाबून वेगळी करायची वेळ येत नाही, आणि दाबलेली कॉइल हातातून सुटली तर काय होतं ते सांगायला नको. करावंच लागलं तर कॉम्प्रेसर हाताच्या पान्यानेच फिरवावा, इम्पॅक्ट गनने नाही.

स्प्रिंग नवी आणि शॉकअप जुना, ही काटकसर मात्र अंगाशी येते. वजन तेच ठेवून स्प्रिंग २५ टक्के कडक केली की त्याच शॉकअपचं डॅम्पिंगचं, म्हणजे झोके शमवण्याचं, प्रमाण सुमारे ११ टक्क्यांनी उतरतं, कारण ते स्प्रिंगच्या वर्गमुळाशी बांधलेलं आहे. गाडी कडकही लागते आणि डुलतेही. शॉकअपची दोन मापं घ्यायची: पूर्ण दाबलेला आणि पूर्ण ताणलेला. स्प्रिंग काढून चाक जॅकने बंप रबर (चाकाची वरची हालचाल अडवणारं रबर) पूर्ण दबेपर्यंत वर न्यावं. तेव्हाही शॉकअपमध्ये किमान १५ मिमी शिल्लक हवेत, नाहीतर बंप रबरचं काम शॉकअपचा पिस्टन करतो. मग चाक पूर्ण खाली सोडून अप्पर आर्म कॉइलला घासतो का, बॉल जॉइंट टोकाला अडकतो का, ड्राइव्ह शाफ्टचा जॉइंट हाताने फिरवताना अडतो का, ब्रेकचा होज ताणतो का, हे बघावं. या एका चाचणीला अर्धा तास लागतो आणि ती वगळणारेच जास्त.

मागच्या पाट्यांत फसवणूक जास्त होते, कारण पाटा दिसायला पाट्यासारखाच असतो. रुंदी आणि दोन डोळ्यांमधली लांबी सगळेच मोजतात. सेंटर बोल्टपासून पुढचा डोळा किती आणि मागचा किती, हे फार थोडे मोजतात. पुढचा भाग १५ मिमी लांब असेल तर अख्खं हाउसिंग, म्हणजे मागचा ॲक्सल, तेवढं मागे सरकतं, चाक मडगार्डच्या मध्यावर राहत नाही आणि प्रॉपेलर शाफ्टचा स्लायडर तेवढा बाहेर येतो. मागचा भाग लांब असेल तर शॅकल (पाट्याचा मागचा डोळा चासीला जोडणारी हलती पट्टी) झोपतो आणि भार पडल्यावर चासीला लागतो. सेंटर बोल्टचं डोकं हाउसिंगवरच्या भोकात घट्ट बसलं पाहिजे. भोक मोठं असेल तर मशीनवर केलेली स्टीलची रिंग घालावी. हा ढिलेपणा पाटा हाउसिंगला बांधणाऱ्या यू-बोल्टच्या भरवशावर सोडला तर ब्रेक मारताना हाउसिंग सरकतं. यू-बोल्ट दर वेळी नवेच हवेत, कारण एकदा ताणून कसलेला बोल्ट पुन्हा तेवढी पकड देत नाही.

पाट्याची बैठक वेगळ्या कोनात असेल तर हाउसिंगचं नाक, म्हणजे प्रॉपेलर शाफ्ट जोडलेलं टोक, वर-खाली होतं. दोन साध्या क्रॉसच्या शाफ्टमध्ये दोन्ही टोकांचे कोन १ अंशाच्या आत सारखे आणि प्रत्येकी शक्यतो ३ अंशांपेक्षा कमी ठेवावेत. वेगात पायाखाली घरघर आली की लोक शाफ्ट बॅलन्सिंगला पाठवतात. दोष कोनात असला तर बॅलन्सिंगने काहीच होत नाही. कोन जुळवायला पाट्याखाली पाचर घालायची तर स्टीलची; ॲल्युमिनियमची भाराखाली चेपते.

आता ज्याकडे जवळजवळ कोणीच बघत नाही ते. बऱ्याच जुन्या पिकअपना मागे, चासी आणि हाउसिंगच्या मध्ये, एका दांडीवर चालणारा ब्रेकचा व्हॉल्व्ह असतो. गाडी भाराने खाली बसली की दांडी वर ढकलली जाते आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब मिळतो. कडक किंवा उंच पाटे टाकले की भार असूनही गाडी कमी बसते, व्हॉल्व्हला ती रिकामीच वाटते आणि मागचे ब्रेक अर्धवट लागतात. रिकाम्या गाडीत हे जाणवत नाही. जाणवतं ते पूर्ण भरलेली गाडी उतारावर थांबवताना. उपाय किरकोळ आहे: दांडीचा ब्रॅकेट जेवढी उंची वाढली त्या प्रमाणात सरकवायचा आणि पुढच्या-मागच्या लाइनवर प्रेशर गेज लावून मॅन्युअलमधल्या आकड्यांशी पडताळायचं. दांडी तारेने वर बांधून ठेवणं हा उपाय नव्हे. मग रिकाम्या गाडीची मागची चाकं आधी लॉक होतात आणि गाडी फिरते.

नकल (स्टिअरिंगबरोबर वळणारा, हब धरणारा भाग) आणि हब नव्या गाडीचे घ्यावेत का? शक्यतो नकोत. एक कारण बॉल जॉइंट आणि टायरॉड एंडच्या दांड्याचा टेपर, म्हणजे निमुळतेपणा. मेट्रिक गाड्यांत १:१० चा टेपर पुष्कळ आढळतो, म्हणजे एकूण कोन ५.७ अंश, अमेरिकन गाड्यांत फुटाला दीड इंच, म्हणजे ७.१५ अंश. एक दुसऱ्यात घातला तर नट कसतो, हाताला घट्ट लागतो, पण आत फक्त एका कडेची रिंग टेकलेली असते. काही दिवसांनी तो ठोकू लागतो, पुढे दांडा तुटतो. टेपरला निळा मार्किंग रंग लावून बसवावा आणि काढून बघावं: रंग सगळीकडे सारखा उमटला पाहिजे. दुसरं कारण एबीएस. जुन्या गाडीत दात्यांची रिंग आणि स्वतः वीज तयार करणारा सेन्सर असतो. नव्या हबमध्ये बहुधा बेअरिंगच्या सीलमध्येच चुंबकी पट्टी असते, आणि तिचा सेन्सर बाहेरून वीज घेऊन ७ आणि १४ मिलिअँपिअरच्या टप्प्यांत संकेत देतो. जुन्या मॉड्यूलला ती भाषा कळत नाही. प्लग कापून जोडला म्हणून कळू लागत नाही.

आर्म बदलताना बुशची (आर्मच्या टोकाच्या रबरी जोडाची) आतली नळी आणि ब्रॅकेटमधलं अंतर जुळलंच पाहिजे. ब्रॅकेट ७० मिमी आणि नळी ६६ मिमी असेल तर बोल्ट कसताना ब्रॅकेटचे कान आत ओढले जातात आणि वेल्डजवळ तडा जातो. फरक भरायला कडक स्टीलचा वॉशर हवा, पत्र्याचा तुकडा नको. बोल्ट जाड आणि भोक बारीक असेल तर भोक वाढवण्याआधी कडेला किती धातू उरतो ते मोजावं. उलट असेल, बोल्ट बारीक आणि भोक मोठं, तर तो जोड वापरूच नये.

सगळ्यांत जास्त केली जाणारी चूक शेवटी होते. गाडी जॅकवर, चाकं लोंबकळत, आणि त्याच अवस्थेत आर्मचे आणि पाट्यांचे बोल्ट टॉर्कने कसले जातात. रबरी बुश नळीला चिकटलेला असतो. तो लोंबत्या स्थितीत पकडला की गाडी खाली आल्यावर कायमचा पिळलेला राहतो. गाडी काही मिमी खोटी उंच दिसते आणि रबर लवकर फाटतं. म्हणून काम सुरू करण्याआधी चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं माप लिहून ठेवावं, बोल्ट नुसते टेकवून गाडी जमिनीवर घ्यावी, पुढे-मागे ढकलून हलवून बसू द्यावी, मग कसावं. नंतर अलाइनमेंट: आधी कास्टर (चाक ज्या आसाभोवती वळतं त्याचा पुढे-मागे कल) आणि कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल), सगळ्यांत शेवटी टो (वरून पाहताना चाकं किती आत-बाहेर वळलेली आहेत ते). स्टॅबिलिटी कंट्रोल असेल तर स्टिअरिंगच्या कोनाचा सेन्सर पुन्हा शून्यावर आणावा. हेडलाइटचा झोतही तपासावा, नाक वर झालेली गाडी समोरच्याला आंधळं करते.

कडक पाटे टाकले म्हणून गाडीची भारक्षमता वाढत नाही; हाउसिंग, बेअरिंग, ब्रेक आणि चासी जुनीच असते, आणि दाराच्या खांबावरच्या पट्टीवरचा आकडा तोच राहतो. जिथे गाडीची नोंदणी आहे तिथे अशा बदलाला परवानगी लागते का, आणि विमा कंपनीला कळवावं लागतं का, हे भाग घेण्याआधी विचारावं.

पहिल्या १०० किलोमीटरनंतर यू-बोल्टचे नट पुन्हा टॉर्क रेंचने, चौकडीने, एकदम एकच न कसता टप्प्याटप्प्याने तपासावेत. प्रत्येक नटावर आणि बोल्टवर मिळून रंगाची एक सरळ रेघ ओढून ठेवली की पुढच्या वेळी रेंच काढायच्या आधीच नुसत्या नजरेने कळतं, कोणता हलला ते.

आपला,
एक वाचक