सत्काराला सुताची कुंडी द्यावी

माननीय संपादक महोदय,

आपल्या शहरात वर्षभर सत्कार समारंभ सुरू असतात आणि डिसेंबरात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन भरले की त्यांना आणखीच भर येतो. पाहुण्यांच्या हाती चकचकीत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला पुष्पगुच्छ दिला जातो, तो छायाचित्रापुरता हातात राहतो आणि कार्यक्रम संपल्यावर पुष्कळदा खुर्चीखाली पडलेला सापडतो. गेली बारा वर्षे क्रोशाकाम करणारी आणि शिकवणारी स्त्री म्हणून माझी आयोजकांना कळकळीची विनंती आहे की, पुष्पगुच्छाऐवजी क्रोशाने विणलेली रोपाची छोटी कुंडी द्यावी आणि तिचे रास्त मोल विणणारीच्या हाती पडावे.

क्रोशाकाम म्हणजे रुखवतातले तोरण आणि ताटावरचा रुमाल, असे अनेकांना अजूनही वाटते. आमच्या गटातल्या भगिनी मात्र आता निवडुंग, मनीप्लांट आणि नागपूरचे म्हणून खास संत्र्याचे रोप विणतात. कुंडीचा तळ सहा मुक्या खांबांच्या, म्हणजे क्रोशातल्या आखूड टाक्यांच्या, वेढ्याने सुरू होतो. पुढे १२, १८, २४ असे दर वेढ्याला सहा टाके वाढवत गेले की तळ चकतीसारखा सपाट राहतो आणि वाढवणे थांबवले की भिंत आपोआप उभी राहू लागते. सुपारीएवढे संत्रे विणतानाही टाके असेच वाढवून मग घटवत आणावे लागतात आणि तोंड मिटण्यापूर्वी आत कापूस भरावा लागतो. तो कमी पडला तर फळ पोचट दिसते, जास्त झाला तर टाके फाकून आतला पांढरा कापूस डोकावतो. पाच फळे आणि बारा पाने असलेल्या एका रोपाला माझे तेरा-चौदा तास जातात. स्वेटर यंत्रावर विणता येतो, क्रोशाचा टाका मात्र आजही हातानेच घालावा लागतो.

गेल्या वर्षी एका संस्थेने आमच्याकडे अशा २५ कुंड्या मागितल्या. आम्ही एका कुंडीचे ६०० रुपये सांगितले, तेव्हा ‘घरी बसल्या बसल्या तर करता’ असे म्हणून त्यांनी १५० रुपये देऊ केले. तेवढ्यात जेमतेम सूत आणि तार येते. अखेर त्यांनी प्रत्येकी ४०० रुपयांचे पुष्पगुच्छ घेतले. पैसे नव्हते असे नाही, हाताच्या कामाला ते द्यावेत असे त्यांना वाटले नाही, याचे मला फार वाईट वाटले.

विणणाऱ्या भगिनींनाही एक सांगावेसे वाटते. बाजारात लोकर म्हणून मिळते ती बहुतेक ॲक्रिलिकची, म्हणजे प्लास्टिकच्याच कुळातली असते. प्लास्टिक टाळण्यासाठी द्यायची वस्तू तिची करणे मला पटत नाही. जिथे १८७७ साली एम्प्रेस मिल सुरू झाली आणि जिथे आज केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे, त्या शहराच्या भेटीला सूतच शोभते. ते बोटांना थोडे कडक लागते, परंतु त्याची पाने लोळत नाहीत आणि धूळ बसली की रोप कोमट साबणाच्या पाण्यात बुचकळून सावलीत वाळवता येते. फक्त देठातली तार गंजणारी नसावी.

ज्यांना खरे रोप देणे आणि जगवणे शक्य आहे, त्यांनी ते जरूर द्यावे. ज्यांना विणलेली कुंडी द्यावीशी वाटेल, त्यांनी डिसेंबरातल्या कार्यक्रमांसाठी आपल्या ओळखीच्या महिला गटाला दिवाळीपूर्वीच सांगून ठेवावे आणि निम्मी रक्कम आगाऊ द्यावी, कारण सूत आम्हाला रोखीनेच घ्यावे लागते.

आपली विश्वासू,
एक वाचक, नागपूर