खारदांड्याच्या मावशींना, बादली परत पाठवल्याबद्दल

मावशी,

नाव लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं मावशी. पत्र तुमची नात वाचून दाखवेलच.

आमची पहिली फेरी आठवते? शनिवार, तिसरीची बावीस मुलं, आम्ही दोघी बाई. वांद्र्याच्या कार्टर रोडचे समुद्रातले खडक बघायला आलो, तर खडक पाण्याखाली. मी शाळेचं वेळापत्रक बघितलं होतं, तिथी नाही. तुम्ही कठड्यावर कालवं निवडत बसला होतात. आधी पोटभर हसलात, मग मुलांना हिशेब घातलात : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. त्या दिवशी माघी पौर्णिमा. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. आम्ही ऐन भरतीला पोचलो होतो! माझ्या गणिताच्या तासाला पाऊणकी इतक्या झटकन कुणाला कळली नव्हती.

दुसऱ्यांदा आलो ते पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी. द्वितीया, दीडची भरती, म्हणजे साडेसात-पावणेआठला ओहोटी. तुम्ही कामावर निघाला होतात, तरी तासभर थांबलात. सगळ्यांच्या पायांकडे बघून स्लिपरवाल्या चौघांना मागेच ठेवलंत. कालवांची धार पाय चिरते. हिरव्या शेवाळावर पाय नाही, ही दुसरी ताकीद. आणि माझ्या हातातली बादली काढून घेतलीत.

खरं सांगते, तेव्हा राग आला होता. वर्गात दाखवायला दोन-चार प्राणी न्यायचे, एवढाच बेत होता. पण बादलीभर पाणी उन्हात लगेच तापतं, त्यातली हवा संपते, हे मला पुस्तकातून माहीत असूनही सुचलं नव्हतं. तुम्ही म्हणालात, ‘इथंच बसा, गप.’ एवढी मुलं गप! पाचेक मिनिटांत खडकातलं डबकं हलायला लागलं. मिटलेलं समुद्रफूल, म्हणजे फुलासारखा दिसणारा तो प्राणी, उघडलं, पारदर्शक कोळंबी दिसली. तुम्ही एक दगड उलटलात, खाली चिकटलेले स्पंज आणि किडे दाखवलेत आणि तो होता तसाच पालथा घातलात. उताणा राहिला तर खालचं सगळं उन्हानं मरतं, एवढंच बोललात. दरम्यान आमच्या एकीच्या खिशातला शंख चालायला लागला. आत खेकडा होता. तिची किंकाळी दांड्यापर्यंत गेली असेल. मग सगळ्यांनी आपापले खिसे रिकामे केले, मीसुद्धा. (गुटख्याची पाकिटं मात्र भरून आणली, ती बादली त्यालाच कामी आली.)

आता मुलं कॅलेंडर घेऊन बसतात. परवा एकानं हिशेब आणला : अष्टमीला सहाची भरती, म्हणजे बाराला ओहोटी, डबा खाऊन जाऊ. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे भरती-ओहोटी कमी असते तेव्हा, पाणी फारसं मागे सरत नाही, हे मी त्याला सांगितलं, पण तो म्हणतो, मावशींना विचारा.

तर अमावास्येनंतरच्या द्वितीयेला येतो. बूट सगळ्यांचे तपासलेत.

तुमची,
तिसरीच्या बाई