गस्तीच्या गाडीत बसण्याआधी तुम्ही जे शिकवलंत

ती. आक्का यांस,
सप्रेम नमस्कार.

पोलिसांच्या रात्रगस्तीवरचा माझा लेख आमच्या साप्ताहिकाच्या गेल्या अंकात छापून आला. तुम्ही तो वाचलात आणि फोनवर "बरा झालाय" एवढंच म्हणालात. लेखात तुमचा उल्लेख नाही, तशी तुमचीच अट होती. पण तो लेख ज्या तयारीवर उभा आहे ती सगळी तुमच्या पडवीत झाली. त्याबद्दल लिहिल्याशिवाय मला राहवेना, म्हणून नाव-गाव न घालता हे जाहीर पत्र. तुम्ही पोलीस हवालदार म्हणून निवृत्त झालात आणि नोकरी याच कोकण किनाऱ्यावर केलीत, एवढं वाचणाऱ्यांना पुरे. पोलिसांबरोबर गाडीतून फिरून लिहायची इच्छा असलेली आणखीही मुलं-मुली आहेत. तुम्ही मला दिलंत ते त्यांच्याही हाती पडावं असं मनापासून वाटतं.

तुमच्याकडे आले तेव्हा मी बरंच वाचून आले होते. अमेरिकेत अनेक ठिकाणची पोलीस खाती साध्या नागरिकाला एका पाळीपुरतं गस्तीच्या गाडीत बसू देतात, त्याला तिथे राइड-अलाँग म्हणतात. अर्ज भरायचा, खातं तुमची माहिती तपासून घेतं, काही बरंवाईट झालं तर दावा लावणार नाही असं लिहून द्यायचं, आणि गाडीत अधिकारी सांगेल तसं वागायचं. आपल्याकडे असा ठरलेला शिरस्ता नाही. मी जिल्हा पोलीस अधीक्षकांच्या नावे साधा अर्ज केला, कशासाठी जायचंय ते लिहिलं, स्वतःच्या जबाबदारीवर जात असल्याचं हमीपत्र जोडलं. परवानगीचं पत्र मिळालं ते घेऊन तुमच्याकडे आले. तुम्ही चष्मा लावून ते शेवटच्या सहीपर्यंत वाचलंत, घडी घातलीत आणि म्हणालात, "साहेबांनी तुला गाडीत बसायची परवानगी दिलेय, बाय. लोकांच्या घरात शिरायची नाय दिलेली. ती साहेब देऊच शकत नाय."

त्या एका वाक्यासाठी मी तुमची आयुष्यभर ऋणी राहीन. पोलीस ज्याच्या दारात जातात तो माणूस त्या घटकेला आयुष्यातल्या सगळ्यात वाईट प्रसंगात सापडलेला असतो. त्याने कदाचित पोलिसांना बोलावलेलं असतं, लिहिणाऱ्याला बोलावलेलं नसतं. आपण गाडीतून उतरलो की पोलिसांच्या आडोशाने त्याच्या घरात शिरतो, आणि तो विरोध करू शकत नाही, कारण आपण पोलिसांबरोबर आलेलो असतो.

त्यावर मी तुम्हाला एक खटला सांगितला होता. १९९२ मध्ये अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात पोलीस सकाळच्या प्रहरी वॉरंट घेऊन एका घरात शिरले. सोबत एका वर्तमानपत्राचा वार्ताहर आणि छायाचित्रकार होता. ज्याला शोधत होते तो घरात नव्हताच. त्याचे आईवडील झोपेतून उठून बाहेर आले, वडील नुसत्या चड्डीवर, आई रात्रीच्या झग्यात. फोटो काढले गेले, छापले मात्र गेले नाहीत. तरीही प्रकरण तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि १९९९ मध्ये न्यायालयाने सांगितलं की वॉरंट बजावताना पत्रकारांना असं घरात नेणं हा घरच्यांच्या घटनात्मक हक्काचा भंग आहे. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "छापले नाय, तरी फोटो काढलेत हे त्या बाईला ठाऊक होतं ना? ती ते घेऊनच जगली असणार." न्यायालयाचा निकाल मी कितीदा तरी वाचला होता, पण त्या बाईच्या बाजूने तो मला तुम्ही वाचून दाखवलात.

मला लगेच जायचं होतं. तुम्ही अडवलंत. "शिमगा होऊ दे. पालख्यांच्या बंदोबस्तात माणसं रात्र-रात्र उभी असतात, दमलेल्या माणसाबरोबर फिरू नको. त्याचा चिडका शब्द तू लिहिशील आणि तोच कायमचा राहील." पोलिसांबद्दल इतक्या मायेने आणि तरीही त्यांची बाजू न घेता बोललेलं मी दुसरं काही ऐकलेलं नाही. म्हणून चैत्रात गेले. आंब्याचे दिवस, बागांमधून राखणदारांचे दिवे, सड्यावर मोबाइलची रेंज नाही आणि गाडीत बिनतारी यंत्राची खरखर.

गाडीत कसं बसायचं हे तुम्ही पडवीतल्या बाकावर बसवून शिकवलंत. मागे, डाव्या बाजूला. मोबाइलचा उजेड अगदी कमी करायचा, कारण तो पुढच्या काचेवर पडतो आणि चालवणाऱ्याला रस्त्यात बसलेली गुरं दिसत नाहीत. हवालदार उतरल्याशिवाय दाराला हात लावायचा नाही. यंत्रावर संदेश चालू असताना बोलायचं नाही, आणि संपल्यावर "काय झालं?" असं विचारायचं नाही, सांगण्यासारखं असलं तर ते सांगतातच. पायात पट्ट्याची चप्पल नको, जेटीवर शेवाळ असतं. डबा दोन माणसांना पुरेल एवढा न्यायचा. आणि मधेच कुठे "तू इथे उतर" म्हणाले तर वाद न घालता उतरायचं, पण उजेडात, माणसं असतील तिथे, आणि उतरल्याचं घरी कळवायचं.

पाण्याबद्दल तुम्ही बोललात ते मात्र मी लेखात घातलं नाही, इथे घालते. मी म्हटलं, रात्री पाणी कमीच पिईन. तुम्ही एकदम गप्प झालात. मग म्हणालात, "आम्ही बंदोबस्ताला पाणीच प्यायचो नाय. जायचं कुठे? मूतखडा झाला तेव्हा डॉक्टर बोलले, पाणी न पिऊन झालाय." आणि मग किनाऱ्याच्या रस्त्यावर रात्री कोणत्या एसटी स्थानकाचं स्वच्छतागृह उघडं असतं, कोणत्या पेट्रोल पंपावर बाईमाणसाला जाता येतं, हे एका कागदावर लिहून दिलंत. गाडीतल्या महिला अंमलदाराला मी तो कागद दाखवला. तिने त्याचा फोटो काढून घेतला. वर्दीतल्या बाईने ड्युटी संपेपर्यंत तहान मारून काम करायचं ही गोष्ट मला अजिबात मान्य नाही, आणि मी यावर पुन्हा लिहिणार आहे.

तुमच्या त्या वहीबद्दलही सांगायलाच हवं. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले. तुमची नोकरी संपलेली, कुणी तुम्हाला विचारणार नव्हतं. तरी तुम्ही दोन रकाने आखून डावीकडे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेची कलमं आणि उजवीकडे नव्या नागरिक सुरक्षा संहितेची लिहून काढलीत. १५४ समोर १७३, म्हणजे एफआयआर. १७४ समोर १९४, म्हणजे अकस्मात मृत्यू. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी महिलेला अटक करायची नाही, अपवाद असेल तर महिला अधिकाऱ्याने मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी घ्यायची, हे ४६ मध्ये होतं ते आता ४३ मध्ये. डाव्या रकान्यातलं अक्षर सरसर आलेलं आणि उजव्यातलं जपून, एकेक आकडा कोरल्यासारखं. ती वही तुम्ही माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, गाडीत काय चाललंय ते कळलं पाहिजे, नाहीतर नुसता धुरळा लिहिशील.

मुलांबद्दल तर तुम्ही मला दोनदा तपासून घेतलंत. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ प्रमाणे मुलाचं नाव, पत्ता, शाळा, ओळख पटेल असं काहीच छापता येत नाही, हे मला पाठ होतं. तुम्ही विचारलंत, "मग काय लिहिशील?" मी म्हटलं, खाडीकाठच्या एका वाडीतली सातवीतली मुलगी. "झालं. वाडीत सातवीतल्या मुली किती? दोन. कळलं सगळ्या पंचक्रोशीला." शहरातल्या वर्तमानपत्राला नाव गाळलं की भागत असेल. कोकणातल्या वाडीत माणूस त्याच्या वाटेवरच्या फणसावरूनही ओळखू येतो. आमच्या साप्ताहिकात आता बातमी लावण्याआधी आम्ही हाच प्रश्न विचारतो: वाडीतल्या माणसाला कळेल का?

किनाऱ्यावरची गस्त म्हणजे काय, हे समजावताना तुम्ही १९९३ पासून सुरुवात केलीत. मुंबईतल्या बॉम्बस्फोटांसाठी रायगडातल्या शेखाडीला आरडीएक्स हे स्फोटक उतरलं ते वर्ष. मग २००८, 'कुबेर' ही मासेमारी बोट पळवून दहा दहशतवादी मुंबईत शिरले. तेव्हापासून बोटींची नोंदणी, खलाशांची ओळखपत्रं, बोटी लागतात त्या लँडिंग पॉइंटवरच्या फेऱ्या, किनारा सुरक्षेचे 'सागर कवच' हे सराव हे सगळं वाढलं. बारा सागरी मैलांपर्यंत सागरी पोलीस, त्यापुढे तटरक्षक दल, ही वाटणी तुम्ही अंगणातल्या मातीत रेघ मारून दाखवलीत. पण तुमचा मुद्दा वेगळा होता. ज्या मच्छीमाराचं कार्ड रात्री टॉर्च मारून तपासायचं, त्याच्याच भरवशावर गावकऱ्यांचं सागर सुरक्षा दल चालतं. अनोळखी बोट दिसली तर पहिला फोन त्याचाच येतो. "म्हणून कार्ड मागणारा कसा मागतो ते बघ. तिथे कळेल तुला पोलीस कसा आहे." मी तेच बघत राहिले. नेपाळहून आलेल्या एका तरुण खलाशाचं कार्ड बघून परत देताना हवालदाराने त्याला जेवलास का विचारलं. लेखातलं ते वाक्य तुमच्या सांगण्यामुळे टिपलं गेलं.

आणि आता त्या जेटीबद्दल. जागा लिहीत नाही, का ते तुम्हाला सांगायला नको.

संध्याकाळी यायची एक बोट आली नव्हती, फोन लागत नव्हता. गाडी तिकडे वळली. जेटीवर घरची माणसं उभी होती, तांडेलाची, म्हणजे बोटीच्या प्रमुखाची, बायको पदर तोंडाशी धरून. हवालदारांनी आधी मच्छीमार सोसायटीच्या चेअरमनला उठवलं, त्या बाजूला कोणाच्या बोटी आहेत ते विचारून घेतलं. ठाणे अंमलदाराने तटरक्षक दलाला त्यांच्या १५५४ या मदत क्रमांकावर कळवलं. कुणीतरी आपल्या बोटीवरच्या व्हीएचएफ रेडिओवर, संकटात वापरायच्या १६ नंबरच्या चॅनेलला हाका मारत होतं. मी तुम्ही सांगितल्याप्रमाणे गाडीच्या बोनेटपाशी थांबले. एक म्हातारी माझ्याकडे आली, मी पोलीस समजून माझा हात धरला आणि "मॅडम, येतील ना?" म्हणाली.

तुम्ही यासाठी मला तयार केलं होतं. कुणी पोलीस समजलं तर त्याच क्षणी सांगायचं. मी म्हटलं, "आजी, मी पोलीस नाही. पेपरात लिहिते." तिने हात सोडला नाही, पण म्हणाली, "मग आमचं काय लिहू नको गो." मी वही तिच्यासमोर पिशवीत टाकली. मग आम्ही दोघी तशाच उभ्या राहिलो. बोटीच्या पंख्यात जाळं अडकून इंजिन बंद पडलं होतं. दुसऱ्या बोटीने त्यांना बांधून आणलं तेव्हा उजाडायला आलं होतं. सगळे सुखरूप. ठाण्यात परतल्यावर स्टेशन डायरीत त्याची चार ओळींची नोंद झाली.

माझ्याकडे त्या रात्रीचं एक अक्षर लिहिलेलं नव्हतं. तुम्ही म्हणाला होतात, "रात्री नको म्हणालेला माणूस दिवसाउजेडी काय म्हणतो ते विचारायला जायचं. आठ दिवस जाऊ देत. गाडीतून नको, एसटीने जा." गेले. आजींनी कोकम सरबत दिलं, तांडेलाने स्वतःहून सगळं सांगितलं, सुनेने एक गोष्ट लिहू नका म्हणून सांगितलं. ती गोष्ट लेखात नाही, या पत्रातही नाही. बाकी सगळं त्यांना वाचून दाखवलं, ते "चालेल" म्हणाले आणि मगच छापायला गेलं. लेखातला तो भाग चांगला झालाय असं लोक म्हणतात. तो भाग त्या घरच्यांनी मला दिलेला आहे, मी उचलून आणलेला नाही. हा फरक तुमच्यामुळे आहे, आक्का. मला त्याची किंमत कळते, आणि त्यासाठी मी तुमचे मनापासून आभार मानते.

एक काम आहे. आमच्याकडे शिकायला आलेला एक मुलगा सागरी पोलिसांच्या गस्ती बोटीवर जाण्यासाठी अर्ज करतोय. पोहता येतं, बोट लागत नाही, मराठी चांगलं लिहितो. येत्या रविवारी दुपारनंतर त्याला तुमच्याकडे पाठवू का? त्याला विचारायचं ते विचारा. अजून तयार नाही असं वाटलं तर मला तसं कळवा, अर्ज पुढे ढकलू.

कळावे, लोभ असावा.

तुमची,
साप्ताहिकातली वार्ताहर