पोर ठेवून जा

म्युनिक, १० मे

तीर्थरूप बाबा आणि आई,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, रविवारी फोनवर तुम्ही म्हणालात, "मास्तर काय करतो गं? पोराचं सगळं घरावर असतं. पस्तीस वर्षं शिकवलंय, मला विचार." तेव्हा मी काही बोलले नाही, पण आठवडाभर ते वाक्य डोक्यातून गेलं नाही. म्हणून लिहायला बसले. तुमचं म्हणणं मला पटत नाही, आणि ते न पटायला तुम्हीच कारण आहात.

आधी इकडची खबर. तुमच्या नातवाचं चौथीचं प्रगतिपुस्तक आलं. इथे बायर्न राज्यात चौथीच्या मे महिन्यात पोरांच्या वाटा वेगळ्या होतात. जर्मन, गणित आणि आपल्या परिसर अभ्यासासारखा एक विषय, या तिघांच्या श्रेणींची सरासरी काढतात. १ सगळ्यात चांगली, ६ सगळ्यात वाईट. सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली आली तर गिम्नाझियम, म्हणजे सरळ विद्यापीठाकडे नेणारी शाळा. २.६६ पर्यंत रेआलशूल, म्हणजे दहावीपर्यंतची मधली शाळा. त्याच्या पुढे गेली तर मिटेलशूल, म्हणजे कामधंद्याकडे नेणारी शाळा. नंतर वाट बदलता येते, नाही असं नाही, पण दहा वर्षांच्या पोराच्या मनावर काय उमटायचं ते उमटतंच. आपल्या बाळाला २.०० मिळाले. आई, देवापुढे साखर ठेव.

पण बाबा, त्या २.०० मध्ये त्याचे किती आणि आमचे किती? शाळा दुपारीच सुटते. जेवलं की गृहपाठ, तो आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर. चाचणी आली की अख्खं घर परीक्षेला बसतं. मी अर्धवेळ नोकरी करते ती यासाठीच, आणि जर्मन व्याकरण मी त्याच्यासोबत पुन्हा पहिल्यापासून शिकले. इथवर तुमचंच खरं आहे. घरानेच केलं.

आता खालच्या मजल्यावरचं पोर बघा. दोघे एकाच वर्गात. त्याची आई पहाटे चारला उठून सफाईच्या कामाला जाते, वडील पार्सलची गाडी चालवतात. घरात अरबी बोलतात. गणितात त्याला १ आहे, तोंडी हिशेबात आपला बाळ त्याच्या जवळपासही पोचत नाही. जर्मनमध्ये ४, परिसरात ३. बेरीज आठ, भागिले तीन, २.६६. गिम्नाझियम हुकलं.

मार्चमध्ये तो आमच्याकडे अभ्यासाला बसला होता. पाण्याचं चक्र चाललं होतं. 'बाष्पीभवन' या शब्दाशी अडला. मग उठला, चहाच्या आधणापाशी गेला, त्यातून वर जाणारी वाफ मला दाखवली आणि म्हणाला, "हेच ना?" त्याला सगळं कळलं होतं. चाचणीत त्याने समुद्र, ढग, डोंगर काढून बाण अचूक दाखवले, पण "पूर्ण वाक्यात लिहा" असं होतं आणि वाक्य आलं नाही. तो कागद मी पाहिलाय. निम्मे गुण गेले. आपल्या बाळाची वाक्यं मी आदल्या रात्री तीनदा लिहून घेतली होती.

शाळा जे घरावर सोडते ते ज्याच्या घरी होत नाही, त्याचं काय करायचं? जर्मनीला हा प्रश्न चांगलाच टोचलेला आहे. २००० साली पिसा ही पंधरा वर्षांच्या मुलांची आंतरराष्ट्रीय चाचणी झाली, निकाल डिसेंबर २००१ मध्ये लागला. जर्मनी सरासरीच्या खाली होता. त्याहून झोंबलं ते वेगळंच: मूल किती चांगलं वाचतं हे त्याच्या घरच्या परिस्थितीवर इथे जितकं अवलंबून होतं, तितकं फार थोड्या देशांत होतं. 'पिसाचा धक्का' म्हणतात त्याला, अजून बोलतात लोक. मग दिवसभराच्या शाळांसाठी केंद्राने ४ अब्ज युरो दिले. २०२६ च्या ऑगस्टपासून पहिलीच्या मुलांना दिवसभर शाळेत थांबण्याचा कायद्याने हक्क मिळतोय. खालच्या पोराला त्याचा काय उपयोग!

आणि तुम्ही म्हणता मास्तर काय करतो.

दसरा झाला की आष्टी तालुक्यातल्या आपल्या शाळेचा वर्ग कसा ओस पडायचा ते मला अजून दिसतं. मुकादमाकडून उचल घेतलेली, गाड्या भरलेल्या, कोयते ऊसतोडीला निघाले पश्चिमेला. पोरं गाडीत भांड्यांवर बसलेली. तुम्ही त्याआधी आठ दिवस रोज संध्याकाळी सायकल घेऊन वस्त्यांवर जायचात. तुमचं बोलणं एकच असायचं, "पोर ठेवून जा." आजी असेल तिच्यापाशी ठेवा, चुलत्यापाशी ठेवा, कुणीच नसेल तर माझ्याकडे ठेवा. ती वस्तीवरची पोरगी अशीच आपल्या ओसरीवर चार हंगाम राहिली. माझ्या पांघरुणात झोपायची, माझ्या पाटीवर लिहायची, मला राग यायचा. आज ती नर्स आहे. तिच्या आईबापांचं प्रेम कमी होतं का? फडात उसाच्या मोळ्या बांधणाऱ्या माणसाने रात्री पाढे कधी घ्यायचे? तुम्ही वस्तीवर गेला नसतात तर ती पोरगीही त्या गाडीतच बसली असती.

म्हणून मला वाटतं, माझ्या बाळाच्या बाबतीत घराचं पारडं जड आहे, कारण घरात वेळ आहे, पुस्तकं आहेत, रागे भरायला दोन शिकलेली माणसं आहेत. त्याच्या बाईंनी थोडं कमी शिकवलं असतं तरी चाललं असतं. खालच्या पोराला तसं चालत नाही. ज्या पोराचं घर कामावर गेलेलं असतं, त्याच्यासाठी मास्तरच घर होतो. तुम्ही झालात. म्हणून "मास्तर काय करतो" हे तुमच्या तोंडून ऐकलं तेव्हा मला फार वाईट वाटलं.

आई, तुझंही सांगते. तू चौथीपर्यंत शिकलेली. भाकऱ्या थापताना मला म्हणायचीस, "मोठ्यानं वाच, मला ऐकू येत नाही." मी अडखळले की तवा सोडून मान वर करायचीस, आणि मी ती ओळ परत वाचायची. पुस्तकात काय आहे ते तुला ठाऊक नसायचं, पण माझा आवाज कुठे डगमगला ते बरोब्बर कळायचं. कितीतरी वर्षं मला खरंच वाटत होतं की तुला कमी ऐकू येतं.

पुढच्या आठवड्यात त्या पोराचे तीन दिवस प्रवेशाचे वर्ग आहेत, जर्मन आणि गणिताचे. सरासरी हुकलेल्यांना गिम्नाझियमसाठी ही एक संधी देतात. एका विषयात ३ आणि दुसऱ्यात ४ आली तरी घेतात. मी रोज पाच वाजता दोघांना बसवते. त्याची आई कामावरून दमून येते, दारात उभी राहते आणि म्हणते, मला यातलं काही कळत नाही. काल मी तिला आत बोलावलं, खुर्ची दिली. पोराला सांगितलं, "मोठ्यानं वाच, आईला ऐकू जाऊ दे." तो वाचत होता आणि ती त्याच्या तोंडाकडे बघत बसली होती. एका लांबलचक शब्दावर तो अडला, तशी तिने मान वर केली.

बाबा, तुम्ही पहिलीच्या पोरांना वाक्य तयार करायला कसं शिकवायचात? ती चिंचोक्यांची का खड्यांची काहीतरी युक्ती होती, मला अर्धवट आठवते. सोमवारच्या आत फोन करून सांगा. मंगळवारी त्याचा पहिला दिवस आहे.

तुमची लेक