पडल्याचं लपवू नका

तीर्थरूप आई-बाबांस,
सा. नमस्कार.

पडल्यावर ‘काही नाही, पाय सरकला’ एवढ्यावर विषय मिटवू नका. घसरून पडणं वेगळं, अंधारी येऊन पडणं वेगळं. पहिल्याचा इलाज न्हाणीत असतो, दुसऱ्याचा बरेचदा गोळ्यांच्या डब्यात. म्हणून पडायच्या आधी नेमकं काय झालं ते आठवून सांगत जा.

उभं राहताच अंधारी येत असेल तर उपकेंद्रातल्या सिस्टरांना बीपी आधी पाच मिनिटं आडवं पडून, मग उभं राहून एक आणि तीन मिनिटांनी मोजायला सांगा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर डॉक्टरांना दाखवा. बीपीच्या, प्रोस्टेटच्या, झोपेच्या गोळ्यांनी असं होऊ शकतं. गोळी मात्र मनानं बंद करायची नाही. बाबा, रात्री उठताना बाजेच्या काठावर पाय सोडून बसा, घोटे दहा-बारा वेळा वरखाली करा, मग उठा. उन्हाळ्यात अंगातलं पाणी आटतं, तेव्हा बीपी अजून उतरतं. लघवीला उठावं लागतं म्हणून दिवसभर पाणी तोडू नका.

आई, तुझा उजवा टोंगळा दुखतो, म्हणून काठी डाव्या हातात धर. दुखरा पाय आणि काठी एकदमच पुढे पडली की त्या पायावरचा भार हलका होतो. चप्पल घालून, हात मोकळा सोडून उभी राहा. काठीची मूठ मनगटाच्या घडीशी यायला हवी. ओट्यावर चढताना चांगला पाय आधी, उतरताना काठी आणि दुखरा पाय आधी. टोकाचं रबर गुळगुळीत झालं की ओल्या फरशीवर काठीच घसरते. पावसाळ्यात वावरातून आलात की रबराची आणि चपलांची काळी माती काढूनच ओटा चढा.

न्हाणीतलं शेवाळ ब्लीचिंग पावडर आणि खराट्यानं घासून घ्या, पावडर दुसऱ्या कशात मिसळू नका. टॉवेलच्या दांडीला धरून उठू नका, ती माणसाचं वजन पेलत नाही. आपल्या मातीच्या भिंतीत स्क्रूही धरत नाही. धरून उठायला मिस्त्रीकडून एक इंची जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाईप दोन फूट खोल काँक्रीटमध्ये गाडून घ्या. तेवढी जाडी मुठीत नीट बसते.

तरी पडलंच कुणी, तर लगेच हात ओढून उठवू नका. एक पाय आखूड दिसतो, बाहेर वळलेला आहे, उचलत नाही, तर खुब्याचं हाड मोडलं असं समजा. मालिश नको, चालवून पाहणं नको. १०८ ला फोन करा. तसं काही नसेल तर कुशीवर वळायचं, हात-गुडघ्यांवर यायचं, रांगत बाजेपर्यंत जायचं, तिच्यावर हात टेकून चांगला पाय पुढे रोवायचा आणि उठायचं.

बाबा, तुमची रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. डोक्याला मार लागला तर जखम दिसो न दिसो, त्याच दिवशी दवाखान्यात जायचं आणि गोळीचं आधी सांगायचं. आई, त्या गोळीचं रिकामं पाकीट बाबांच्या सदऱ्याच्या खिशात ठेव.

तुमची लेक