दोरी नको, दाराचा रोलर बदला

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शाळा सुरू झाल्या की शाळेच्या व्हॅनवर वर्तमानपत्रांतून टीका सुरू होते. कोंबलेली मुलं, टपावर बांधलेली दप्तरं, आणि सरकतं दार नायलॉनच्या दोरीनं आवळलेलं एखादं छायाचित्र. कोंबलेल्या मुलांचं समर्थन मी करणार नाही, दोरीचंही नाही. पण मी स्वतः कोल्हापुरात शाळेची ओम्नी चालवते आणि गाडीची बारीकसारीक कामं हातानं करते. माझे वडील उद्यमनगरात फिटर होते, त्यामुळं पाना हातात धरायची लाज मला कधी वाटली नाही. दोरी लावणाऱ्याला सगळे बोलतात, पण मुळात दार बसत का नाही हे त्याला कुणी सांगत नाही, म्हणून हे पत्र लिहिते आहे. लांबलं तर खुशाल कात्री लावा, रोलरचा भाग तेवढा ठेवा.

मारुतीची व्हॅन १९८४ साली आली, पुढं तिचं नाव ओम्नी झालं आणि २०१९ साली ती बनायची थांबली. म्हणजे आज रस्त्यावर दिसते ती प्रत्येक ओम्नी जुनीच. तिचे मालक बहुतेक माझ्यासारखे, नव्या गाडीचा हप्ता न झेपणारे. तिचं ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन आजही कुठल्याही पेठेतला मिस्त्री बांधून देतो. इंजिनावर आम्ही पैसे घालतो, टायरवर घालतो. दाराकडं मात्र ते निखळून हातात येईपर्यंत बघत नाही. खरं तर शाळेच्या गाडीत इंजिनाइतकंच राबतं ते डावीकडचं दार. थांब्याथांब्यावर ते उघडायचं, मिटायचं, आणि मिटणारा हात दर वेळी वेगळा. कधी पहिलीतली पोरगी दोन्ही हातांनी ढकलते, कधी घाईतला बाप धाडकन आपटून मोकळा होतो.

हे दार वाईट नाही हो. मंगळवार पेठेच्या बोळात बाहेर उघडणारं दार असतं तर मागून येणारा दुचाकीवाला रोज त्यावर आदळला असता. सरकतं दार गाडीच्या अंगाला धरून मागं जातं, बोळ अडवत नाही.

ते तीन ठिकाणी धरलेलं असतं. एक चॅनल (म्हणजे रोलर ज्यातून सरकतो ती पन्हळ) वर छताच्या कडेला, दुसरं खाली पायरीत, आणि तिसरं बाहेरून, मागच्या पत्र्यावर खिडकीच्या खाली. तिन्हींत रोलर, म्हणजे छोटं चाक, लावलेला एकेक लोखंडी हात फिरतो. वजन मुख्यतः खालचा आणि मागचा हात पेलतात, वरचा दाराला उभं धरतो. दार जड झालं, खरखरलं, मिटताना मागच्या बाजूनं खाली बसलं, की दोष बहुधा या तिन्हींपैकी कुठल्या तरी रोलरात नाही तर चॅनलमधल्या घाणीत असतो. एका गॅरेजवाल्यानं मला सरळ ‘दारच बदला’ म्हणून सांगितलं होतं. जुन्या बाजारातलं दार आणायचं, डेंटिंग, पेंटिंग, सगळं मिळून आठ हजार. तेच दार आज त्याच गाडीवर, एका बोटानं सरकतं आहे. खर्च म्हणाल तर दोन रोलर, वाटीभर डिझेल आणि रविवारची सकाळ.

रोलर कुठला गेला हे ओळखायला मिस्त्री लागत नाही. गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा, चाकाला दगड लावा. दार अर्धं उघडा. मग त्याची मागची कड खालून दोन्ही हातांनी धरून वर उचला. ती बोटभर वर-खाली हलली तर मागचा रोलर झिजलाय. आता पुढचा खालचा कोपरा तसाच उचलून बघा, तो हलला तर पायरीतला झिजलाय. काहीच हलत नाही आणि तरीही दार ओढायला ताकद लागते, तेव्हा चॅनल घाणीनं भरलंय असं समजा. आणखी एक बघायचं. दार जोरात सरकवून थांबवल्यावर आतून पाणी डुचमळल्याचा आवाज आला तर दाराच्या खालच्या कडेची पाणी जायची भोकं बुजली आहेत. ती सायकलच्या स्पोकच्या तुकड्यानं मोकळी करा. आत साठलेलं पाणी दाराचं वजन वाढवतं आणि पत्रा आतून खातं. बाहेर रंगाला फुगा येतो तोवर आतला पत्रा गेलेला असतो.

शाळेच्या व्हॅनच्या खालच्या चॅनलमध्ये काय काय निघतं हे लिहिलं तर तुमचा निम्मा स्तंभ भरेल. शेंगांची टरफलं, पेन्सिलीचं टोक, चॉकलेटचे कागद, ओळखपत्राची क्लिप, आणि खोडरबर. खोडरबरासारखा दुष्ट पदार्थ नाही, कारण तो रोलरखाली चेपून चिकटतो आणि हाताला सापडतही नाही. शिवाय रस्त्यावरची बारीक खडी, आणि पावसाळ्यात चपलांबरोबर येणारा चिखल. २०१९ आणि २०२१ च्या पुरात ज्यांच्या गाड्या पाण्यात राहिल्या त्यांच्या चॅनलमध्ये तर गाळ वाळून सिमेंट झाला होता. तशा गाडीचे रोलर धुऊन वापरण्यात अर्थ नाही. बेअरिंगमध्ये गाळ शिरला की ते गेलंच.

साफसफाई अशी. आधी कोरड्या ब्रशनं आणि वाकवलेल्या तारेनं मोठा कचरा काढायचा. मग जुना टूथब्रश डिझेलमध्ये बुडवून चॅनल घासायचं. पूर्वी यासाठी रॉकेल वापरायचो, आता रेशनवर रॉकेल कुठलं? शेवटी कोरड्या कापडानं पुसून घ्यायचं, कापड काळं यायचं थांबेपर्यंत. डिझेल बीडिंगवर, म्हणजे दाराच्या कडेच्या रबरी पट्टीवर, सांडू देऊ नका. तेलानं रबर फुगतं, आणि फुगलेल्या रबरावर दार बसत नाही.

इथं मिस्त्री लोकांशी माझं भांडण आहे. दार कुरकुरलं की ते चॅनलमध्ये बोटानं ग्रीस चोपडतात. आठवडाभर दार लोण्यासारखं चालतं, गिऱ्हाईक खूश. मग त्या ग्रीसला रस्त्याची धूळ चिकटते, तिचा काळा लगदा होतो आणि तोच लगदा रोलर घासत बसतो. महिना-दोन महिन्यांत दार पहिल्यापेक्षा जड होतं. ग्रीस बेअरिंगला हवं, वाटेला नको. रोलरच्या आसाला तेलाचा एखादा थेंब द्या आणि चॅनल पुसून कोरडं ठेवा. फार तर तेलाच्या फडक्याचा हात फिरवा, बोटाला लागेल इतकंही नको. गाडी धुणाऱ्या पोरांनाही सांगून ठेवा की प्रेशरचं पाणी रोलरवर मारू नका, आतलं ग्रीस धुऊन जातं.

आता रोलर. स्पेअर पार्टच्या दुकानात ओम्नीच्या दाराचा रोलर म्हटलं की मिळतो. मला एकेक दोन-अडीचशेच्या घरात पडला. जुना रोलर काढून दुकानात घेऊन जा, कारण वरचा, खालचा आणि मागचा वेगवेगळे असतात, आणि डाव्या दाराचा हात उजव्याला बसत नाही. कधी कधी लोखंडी हात ठणठणीत असतो, फक्त वरचं नायलॉन फुटलेलं असतं. तेव्हा उद्यमनगरातला लेथवाला त्याच मापाचा नायलॉनचा बुश काढून देतो. कपाटाचे किंवा बाथरूमच्या दाराचे रोलर बसवलेली व्हॅनही मी पाहिली आहे. स्वस्तात काम म्हणजे ते नव्हे. ते रोलर एवढं वजन घ्यायला केलेलेच नसतात.

काम करताना दार कधीही अधांतरी ठेवू नका. दुसरं माणूस सोबत हवंच. दाराखाली फळी ठेवा, तिच्यावर घडी घातलेलं पोतं, आणि दाराचं वजन त्यावर नीट टेकल्याशिवाय बोल्टला पाना लावू नका. एका वेळी एकच रोलर काढायचा, बाकीचे दोन जागेवर राहू द्यायचे. आणि बोल्ट ढिले करायच्या आधी लोखंडी हाताच्या कडेनं मार्करनं रेघ मारून ठेवा. त्या हाताची भोकं लांबट असतात, वर-खाली, मागं-पुढं करता यावं म्हणून. रेघ नसेल तर मूळ जागा परत शोधताना दुपार जाते. गंजलेला बोल्ट जोर लावून तोडण्यापेक्षा आदल्या रात्री त्यावर गंज सोडवायचं तेल मारून ठेवलेलं बरं.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो स्ट्रायकरचा, म्हणजे दाराचं कुलूप ज्या लोखंडी कडीत अडकतं तिचा. रोलर झिजला की दार खाली उतरतं आणि कुलूप कडीच्या खाली आपटायला लागतं. मग पुष्कळ जण काय करतात, तर कडीच खाली सरकवतात. दार त्या दिवशी बसतं. रोलर झिजायचा मात्र थांबत नाही, दार आणखी उतरतं, कडी आणखी खाली जाते, आणि एक दिवस कडीला खाली जायला जागाच उरत नाही. त्या दिवशी दोरी येते. म्हणून आधी रोलर, मग दार जागेवर आलंय का बघणं, आणि त्यानंतरही कुलूप आपटत असेल तरच कडीला हात लावायचा. तिच्याभोवतीही आधी रेघ, आणि सरकवायची ती दोऱ्याएवढी.

कुलूप तपासायची रीत वडिलांनी शिकवली. दार उघडं ठेवून कुलपाचा आकडा डिसमिसनं हळू दाबायचा. दोन खटके वाजले पाहिजेत, पहिला अर्ध्या लागण्याचा, दुसरा पूर्ण लागण्याचा. मग आकडा ओढून बघायचा, सुटता कामा नये. झालं की हँडल ओढून तो पुन्हा मोकळा करायचा, नाहीतर तसंच दार मिटवलं तर कुलूप कडीवर आदळून वाकतं. दुसरा खटका वाजत नसेल तर आधी डिझेलनं धुऊन, वाळवून, थोडं हलकं तेल देऊन बघा. तरीही वाजला नाही तर कुलूप बदला. पहिल्या खटक्यावर लागलेलं दार बाहेरून मिटलेलंच दिसतं, आणि भोगावती रोडच्या खड्ड्यात ते सुटू शकतं.

आतल्या हँडलचं दुखणं त्याहून स्वस्त. हँडलपासून कुलपापर्यंत एक काडी जाते, तिच्या टोकाला प्लास्टिकची क्लिप असते. ती उन्हानं तडकते, काडी सुटते, आणि आतून दार उघडेनासं होतं. आतलं पॅनल क्लिपांवर बसलेलं असतं. लोखंडी पट्टीला कापड गुंडाळून कडेनं अलगद उचकटलं की ते निघतं. नवी क्लिप चहाच्या पैशात येते. तार गुंडाळून काम भागवणारे भेटतील. तार ढिली होते आणि काडी हँडल न ओढताच अडकून बसते.

दार मागं जाऊन पत्र्यावर आपटू नये म्हणून जो रबरी ठोकळा असतो तो माझ्या गाडीतून कधीच गळून गेला होता. त्याच्या जागी चप्पल शिवणाऱ्या काकांकडून जाड टायरचा तुकडा मापात कापून, स्क्रूनं आवळून बसवला आहे. बीडिंग फाटलं असेल तर बदला, पण गरजेपेक्षा जाड घेऊ नका, दार आपटावं लागतं. उन्हाळ्यात त्याला साबणाच्या पाण्यानं पुसून ग्लिसरीनचा हात दिला तर ते कडक होत नाही.

हातानं करू नये असंही एक काम आहे. कडी ज्या खांबाला बसते तिथला पत्रा गंजून पोखरला असेल तर लांबी (पुटी) भरून रंग मारणं हा गुन्हाच समजा. तिथं कापून नवा पत्रा वेल्ड केला पाहिजे, आणि तो होईपर्यंत त्या गाडीत एकही मूल बसवू नये. पुटीत स्क्रू धरत नाही हे सांगायला फिटर लागत नाही.

पालकांना एक विनंती. दार आपटू नका, आणि महिन्यातून एकदा आमच्या गाडीत मागच्या सीटवर बसून ते आतून उघडून बघा. आम्हाला राग येणार नाही. आला तर त्या व्हॅनवाल्याकडं मुलगा पाठवू नका.

आणि परिवहन खात्याला. आठ वर्षांपुढच्या वाहतुकीच्या गाडीला दर वर्षी फिटनेसचा दाखला काढावा लागतो, आणि वर सांगितल्याप्रमाणे ओम्नी तर सगळ्या त्याच वयाच्या होत आल्या. तपासणीत ब्रेक, दिवे, टायर बघतात, बघायलाच हवेत. त्यात सरकतं दार आतून आणि बाहेरून एकेकदा उघडणं, दोन खटके ऐकणं आणि मागची कड उचलून बघणं घाला. मिनिटभराचं काम आहे. आतून दार उघडत नसलेल्या गाडीला फिटनेस देऊ नका, ती गाडी माझी असली तरी.

आपली,
शाळेची व्हॅन चालवणारी एक वाचक, कोल्हापूर