कोनवासा हातभर तोकडा पडला, त्याची गोष्ट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाच्या आत छपरं बसवून घ्यायची घाई सगळीकडे चालू आहे. याच घाईत संगणकावरच्या नकाशामुळे छपराचे पाइप तोकडे कापले गेलेले मी पाहिलं, ते लिहिते आहे, कारण तीच चूक आणखी कुठे होत असेल तर पाइप कापायच्या आधी थांबवता येईल.

मी साताऱ्यात सत्तावीस वर्षं आरेखकाचं काम करते. आयटीआयमध्ये ड्रॉइंग बोर्डवर शिकले, मग संगणकावर ऑटोकॅड आलं, आता आर्किकॅड आणि रेव्हिट या इमारतीचं थ्रीडी मॉडेल करणाऱ्या सॉफ्टवेअरवर काम असतं. वडील सुतार होते. ११ डिसेंबर १९६७ ला कोयनेचा भूकंप झाला तेव्हा ते विशीत होते. पुढे कितीतरी दिवस ते पाटण खोऱ्यात घरांची लाकडं उभी करत फिरले. सांधा ढिला राहिला की छप्पर माणसावर येतं, हे मी त्यांच्याकडून लहानपणीच ऐकलं.

गेल्या महिन्यात एका फॅब्रिकेटरचा फोन आला. जावळी तालुक्यात एका गावच्या सभागृहाचं चौपाखी, म्हणजे चारही बाजूंना उतार असलेलं छप्पर तो चढवत होता. रुंदी ८ मीटर, लांबी १४ मीटर, पाख्यांचा उतार ३० अंश. "ताई, कागद बरोबर आहे आणि पाइप तोकडा पडतोय. मी कुणाचं ऐकू?" मी दुसऱ्या दिवशी गेले. ६ मीटरचं आढं (छपराच्या माथ्यावरची आडवी तुळई) टेकूंवर उभं होतं, चारही कोपऱ्यांतून आढ्याकडे तिरके चढणारे कोनवासे लावून पाहिले होते, आणि प्रत्येकाचं वरचं टोक आढ्यापासून हातभर अलीकडे थांबलं होतं. टेपने मोजलं, ४५ सेंटिमीटर. त्याने मॉडेलमधून निघालेल्या कापायच्या यादीप्रमाणे ५.६६ मीटरचे तुकडे कापले होते. पाइप ६ मीटरचा येतो, म्हणजे उरलेला ३४ सेंटिमीटरचा तुकडा वेल्डिंग करून जोडला तरी भागत नव्हतं.

मॉडेल मागवून उघडलं. थ्रीडीत कोनवासा अगदी जिथल्या तिथे दिसत होता. त्यावर क्लिक केल्यावर कळलं की तो कलता नव्हताच. कोपऱ्यापासून आढ्यापर्यंत आडवा बीम काढला होता, त्या बीमची स्वतःची उभी जाडी अडीच मीटर ठेवली होती, आणि छपराने वरून-खालून तो कोरून मधली तिरकी पट्टी तेवढी शिल्लक ठेवली होती. आर्किकॅडमध्ये सॉलिड एलिमेंट ऑपरेशनने, म्हणजे एका वस्तूने दुसरी कोरायच्या सोयीने, हे दोन मिनिटांत होतं. चित्र सुंदर येतं. पण यादीला कोरलेली पट्टी कळत नाही, तिला आडवा बीम कळतो, आणि आडव्याची लांबी ५.६६ च भरते. खरी लांबी ६.११ मीटर आहे.

याचं गणित शाळेतलं आहे. आढं भिंतीच्या माथ्यापासून २.३१ मीटर वर. साधा वासा ४ मीटर आडवा जाऊन ती उंची गाठतो, म्हणून त्याची लांबी ४.६२. कोनवासा कोपऱ्यातून तिरका निघतो, त्याला ५.६६ मीटर जावं लागतं, म्हणून त्याचा उतार ३० अंश राहत नाही, साधारण २२ वर येतो. हा २२ चा आकडा नव्या मुलांना विचारून पाहा. बहुतेक जण ३० सांगतात. वडील अंगणात सूत मारून छपराचा कोपरा पूर्ण मापात आखायचे आणि मगच लाकडाला करवत लावायचे. कोनवाशावर येऊन टेकणारे आखूड वासे एकेक करून सारख्याच मापाने कमी होत जातात, हे त्यांनी मला त्या आखणीवर दाखवलं होतं. आजही वासे ६० सेंटिमीटरवर असतील आणि उतार ३० अंश असेल, तर यादीत लागोपाठच्या दोन आखूड वाशांत ६९ सेंटिमीटरचा फरक दिसायला हवा. ६० दिसला की समजावं, वासे आडवेच काढलेत.

म्हणून माझं सगळ्या आरेखकांना कळकळीचं सांगणं आहे की बीम आधी त्याच्या खऱ्या उतारावर कलता काढा, आणि मग फक्त त्याची टोकं छाटा. आर्किकॅडमध्ये कलता बीम काढता येतो आणि तो छपराला ट्रिमही करता येतो, म्हणजे छपरापर्यंत छाटता येतो. रेव्हिटमध्ये उताराच्या पातळीवर वर्क प्लेन (ज्यावर रेषा काढायची तो पृष्ठभाग) ठेवून बीम टाकता येतात. तिथल्या यादीत 'लेंग्थ' आणि 'कट लेंग्थ' असे दोन वेगळे रकाने असतात. पहिला रेषेची लांबी सांगतो, दुसरा छाटून उरलेल्या बीमची. साइटवर दुसरा पाठवायचा.

अजून एक गोष्ट, जी सहसा कुणी बोलत नाही. कोनवाशाच्या वरच्या दोन्ही कडा पाख्यांच्या बाहेर डोकावतात. लाकूड असलं तर सुतार रंधा मारून दोन्ही बाजूंना उतार देतो, आणि सॉफ्टवेअरही दोन्ही पाख्यांनी छाटून अगदी तसंच दाखवतं. पण बॉक्स पाइपला रंधा कसा मारणार? मॉडेलमध्ये छाटलेला पाइप म्हणजे वरून सोललेला, उघडा पाइप. असा कुणी बनवत नाही, बनवूही नये. तिथे पाइप अखंड ठेवून थोडा खाली उतरवायचा. ५० मिलिमीटर रुंदीच्या पाइपला या उतारावर जेमतेम १० मिलिमीटर पुरतात. लोखंड आहे की लाकूड, हे छाटण्याआधी ठरलेलं असलं पाहिजे.

त्या सभागृहात शेवटी कोनवाशांसाठी नवे पाइप आणले. ६.११ मीटर एका पाइपात बसत नाही, वळचणीचा भिंतीबाहेर जाणारा भाग वेगळाच, म्हणजे जोड येणारच होता. तो कुठे यावा हे नकाशावर ठरायला हवं होतं. आम्ही साइटवर बसून तो खालच्या आधाराजवळ घेतला. पैसे गावाचे गेले, आठवडा गेला. नकाशा देणाऱ्या कार्यालयाचं नाव मी लिहीत नाही. तिथल्या मुलाला हे कुणी शिकवलंच नव्हतं.

जिल्ह्यातल्या आयटीआय आणि तंत्रनिकेतनांच्या शिक्षकांना विनंती आहे की प्रात्यक्षिकात थ्रीडी चित्रावर गुण देऊन थांबू नका. मुलांकडून एका चौपाखी छपराची कापायची यादी मागा आणि त्यातला एक कोनवासा पुठ्ठ्याचा का होईना, कापून कोपऱ्यावर बसवून घ्या. कुणाला वडिलांची ती जमिनीवरची आखणी पाहायची असेल, तर रविवारी सकाळी मी घरच्या अंगणात काढून दाखवीन. सूत आणि गुण्या (काटकोन पाहायचं सुताराचं साधन) अजून जपून ठेवलेत.

आपली नम्र,
एक आरेखक, शाहूपुरी, सातारा